नेपाळ : एका भूवेष्टित देशाचा भूगोल
(प्राथमिक शिक्षकांच्या भूगोल-अध्यापन वर्गातील व्याख्यान)



नेपाळचे नाव निघाले की वर्गात दोन वाक्ये ठरलेली असतात. जगातील सर्वांत उंच शिखर त्या देशाच्या सीमेवर आहे, हे एक. आणि त्या देशास समुद्रकिनारा नाही, हे दुसरे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. मुले ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुणही मिळवितात. परंतु आठ हजार मीटर उंची म्हणजे काय आणि समुद्र नसणे म्हणजे माणसाच्या नित्याच्या संसारात नेमके काय, असे विचारले तर वर्ग गप्प होतो. भूगोल या विषयाचे खरे काम या गप्प होण्याच्या जागेपासून सुरू होते.

‘ज्या देशाच्या सर्व बाजूंस जमीन आहे तो भूवेष्टित देश,’ ही व्याख्या निर्दोष आहे. पण व्याख्या नकाशावरील रेघेचे वर्णन करते, देशाचे नव्हे. नेपाळच्या पूर्वेस, दक्षिणेस व पश्चिमेस भारत आणि उत्तरेस चीन आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४७ हजार ५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी भरते. या देशास किनारा नाही हे उघडच आहे. तथापि त्याचा खडक, त्याचा पाऊस, त्याचे मीठ, त्याचा व्यापार आणि परगावी गेलेली त्याची माणसे यांचा एकेक धागा हाती घेतला, तर प्रत्येक धागा शेवटी समुद्राशी जाऊन पोचतो. ज्यास समुद्र नाही त्यास समुद्राची गरज नाही असे नाही. उलट त्यास समुद्राचा हिशेब अधिक काटेकोरपणे ठेवावा लागतो. नेपाळचा पाठ या दृष्टीने कसा घेता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम उंचीचे घेऊ. शाळेच्या अंगणात चुन्याने दोन मीटर लांबीची रेघ ओढावी आणि एक सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण मुलांस सांगावे. दक्षिणोत्तर नेपाळची सरासरी रुंदी दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर असल्याने सबंध देश या रेघेत मावतो. आता याच प्रमाणाने सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, किती उंच दाखवावा, असे विचारावे. मुले हात डोक्यावर नेतील. हिशेब केल्यावर उत्तर निघते जेमतेम नऊ सेंटीमीटर, वीतभरही नाही! शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर असल्याचे नेपाळ व चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये संयुक्तपणे जाहीर केले. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. ती या रेघेवर दीड सेंटीमीटराहून किंचित अधिक होईल. फळ्यावर काढलेले पर्वताचे उभे छेद मुद्दाम उंच केलेले असतात, हे मुलांच्या ध्यानी येण्यास हा प्रयोग उत्तम होय.

मग एवढ्याशा उंचवट्याने फरक तो काय पडतो? येथे हवेचा नियम सांगावा. दर हजार मीटर चढले की तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी उतरते. दक्षिणेकडील झापा जिल्ह्यात नेपाळची भूमी समुद्रसपाटीपासून साठ मीटरांच्याही आत आहे. तेथे भाताची व उसाची शेते आहेत. काठमांडूचे खोरे कळसूबाईच्या माथ्याहून दोन-तीनशे मीटरांनीच सखल असून तेथे हिवाळ्यात पहाटे दहिवर पडते. त्याहून वर मका व बटाटा, मग जव व फापरा, मग याक चारण्याची कुरणे आणि अखेर जेथे काहीच पिकत नाही असा बारमाही बर्फाचा प्रदेश. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे हजारो किलोमीटर जाताना जे ऋतुमान बदलत जाते, ते येथे दोनशे किलोमीटरांत बदलते. नेपाळात अंतर आडवे मोजून भागत नाही, ते उभे मोजावे लागते. ‘किती किलोमीटर’ याऐवजी ‘किती दिवसांची चढण’ ही तेथील डोंगरी माणसाची जुनी भाषा आहे.

या चढणीच्या पायऱ्याही मुलांस क्रमाने सांगाव्यात. दक्षिणेस तराईचे सपाट मैदान. त्याच्या माथ्याशी चुरिया नावाची ठिसूळ टेकड्यांची रांग. मग महाभारत रांग. तिच्यापलीकडे ज्यास ‘पहाड’ म्हणतात तो मधला डोंगराळ मुलूख. आणि त्याच्याही पलीकडे हिमालयाची मुख्य रांग. जगातील आठ हजार मीटरांवरील चौदा शिखरांपैकी आठ नेपाळच्या हद्दीत वा सीमेवर आहेत. परंतु ‘नेपाळ पर्वतमय आहे’ एवढ्यावर थांबणे अपुरे ठरेल. २०२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख भरली आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे, म्हणजे शेकडा ५३ हून जास्त, तराईत आढळली. तराईने देशाची चौथाईहून कमी जमीन व्यापली आहे. उंच पर्वतीय जिल्ह्यांत शेकडा सुमारे सहाच माणसे राहतात.

हे पूर्वी असे नव्हते. तराईत दाट अरण्ये होती आणि अरण्यात हिवताप होता. थारू लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत आले होते. पण डोंगरातील माणूस उन्हाळ्या-पावसाळ्यात खाली उतरण्यास धजत नसे. १९५० नंतरच्या दशकात हिवताप-निर्मूलनाचे काम सुरू झाले, अरण्ये तुटली आणि डोंगरावरील कुटुंबे मैदानात उतरू लागली. एका डासाचा बंदोबस्त झाल्याबरोबर देशाच्या लोकवस्तीचा तोल बदलला. भूगोल म्हणजे केवळ डोंगर आणि नद्या नव्हेत, रोगराई हाही भूगोलाचा भाग आहे, हे शिकविण्यास याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता खडकाचा धागा पाहू. हिमालय आज जेथे उभा आहे तेथे एके काळी टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचे भूखंड उत्तरेस सरकत आले आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या भूखंडास भिडले. मधल्या समुद्राच्या तळावर साचलेल्या गाळाचे थर दाबाने चुरगळून वर उचलले गेले. सगरमाथ्याच्या माथ्यावरील चुनखडकात समुद्री जीवांचे अवशेष आढळतात. हा पुरावा पाहण्यास मात्र शिखर चढण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांच्या देवघरांत शाळिग्राम असतो. तुळशीच्या लग्नात तो विष्णुरूपाने पुजला जातो. तो येतो नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातून, मुक्तिनाथ-मुस्तांगच्या परिसरातून. त्याच्या पोटात जी चक्राकार खूण दिसते ती अमोनाइट नावाच्या शंखधारी समुद्री प्राण्याची आहे. हे प्राणी टेथिस समुद्रात सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी राहत होते. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीने शाळिग्राम नीट पाहावा. त्याने श्रद्धेस बाध येण्याचे कारण नाही. पूजेतील वस्तू इतकी प्राचीन आहे हे कळल्याने आदर वाढेलच. भूखंडांची ती रेटारेटी अजूनही संपलेली नाही. वर्षास सुमारे दोन सेंटीमीटर या वेगाने नेपाळची भूमी दाबली जाते, ताण साचतो आणि कधी तरी तो सुटतो. १९३४ चा आणि २५ एप्रिल २०१५ चा भूकंप ही त्याचीच उदाहरणे. २०१५ च्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे मृत्यू पावली.

पावसाचा धागाही समुद्राचाच आहे. बंगालच्या उपसागरावरून निघालेले मोसमी ढग हिमालयास अडतात. पोखऱ्याजवळील लुमले येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मध्ये अन्नपूर्णेची रांग आहे. तिच्या पलीकडच्या अंगास मुस्तांगात तीनशे मिलिमीटरही पडत नाही. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यातील फरक ज्या शिक्षकाने वर्गात समजावून दिला आहे, त्यास हे निराळे सांगावयास नको. पर्जन्यछायेचा नियम तोच. फक्त भिंत पाचपट उंच आहे.

हेच पाणी कर्णाली, गंडकी व कोसी या तीन मोठ्या नद्यांवाटे पुन्हा समुद्राकडे निघते. यांतील काही प्रवाह हिमालयाच्या मुख्य रांगेच्या उत्तरेस उगम पावतात आणि पर्वत कापून दक्षिणेस येतात. नदीने एवढा पर्वत कसा कापला, असा प्रश्न मुले विचारतील. त्याचे उत्तर असे की नदी आधीची आणि पर्वत नंतरचा. पर्वत उचलला जात असताना नदी आपले पात्र खोल करीत राहिली. धौलागिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरांवरील दोन शिखरांच्या मधून काली गंडकी वाहते, ती अशाच घळईतून. पुढे या नद्या गंगेस मिळतात. कोसी आपल्याबरोबर अपरंपार गाळ आणते आणि पात्र बदलते. १८ ऑगस्ट २००८ रोजी तिचा बांध नेपाळातील कुसहा येथे फुटला आणि बिहारमधील लाखो लोकांचे संसार पाण्याखाली गेले. नकाशावर राजकीय सीमा ठळक असते. नदीच्या वाटेत तिला काहीच जाडी नसते.

यानंतर मिठाचा धागा घ्यावा, कारण मुलांस तो सर्वांत जवळचा आहे. मिठावाचून घास गोड लागत नाही आणि शरीरही चालत नाही. कोकणातील मुलांनी मिठागरे पाहिलेली असतात. ज्या देशास किनाराच नाही त्याने मीठ कोठून आणावे? शतकानुशतके डोंगरातील नेपाळी माणसाने ते तिबेटातून आणले. तिबेटच्या पठारावर खाऱ्या पाण्याची सरोवरे आहेत. तेथे मीठ आहे, पण धान्य तुटपुंजे. नेपाळच्या मधल्या डोंगरात धान्य आहे, पण मीठ नाही. या दोन उणिवांनी मिळून एक व्यापार उभा केला. याक, खेचरे आणि पाठीवर लहान थैल्या बांधलेल्या मेंढ्या-बकऱ्या यांचे तांडे खिंडी उतरत आणि मिठाच्या मोबदल्यात तांदूळ, जव, मका घेऊन परत जात. काली गंडकीच्या खोऱ्यातील तुकुचे हे गाव या व्यापाराची पेठ होते आणि तेथील थाकाली लोक त्यावर संपन्न झाले. दक्षिणेस जावे तसे मिठाचे मोल वाढे. दुसरीकडे हिवाळ्यात, हिवताप नरम असताना, डोंगरातील माणसे बुटवलसारख्या तराईच्या बाजारास उतरत आणि भारतातून आलेले मीठ पाठीवर घेऊन चढत.

१९५९ नंतर तिबेटातील परिस्थिती पालटली आणि हा व्यापार आटत गेला. त्याच सुमारास दक्षिणेकडून रस्ते होऊ लागले. भारताच्या साहाय्याने बांधलेला, काठमांडूस मैदानाशी जोडणारा त्रिभुवन राजपथ १९५६ मध्ये खुला झाला. तत्पूर्वी राजधानीतील मोटारीसुद्धा हमालांच्या खांद्यांवरून डोंगर ओलांडून नेल्या जात. १९६३ मध्ये मिठाच्या पुरवठ्यासाठी नेपाळात साल्ट ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि भारतीय मीठ दूरच्या खेड्यांपर्यंत पोचू लागले.

परंतु मिठाची गोष्ट चवीपाशी संपत नाही. बर्फ आणि पाऊस हजारो वर्षे डोंगरांची माती धूत राहतात. मातीतील आयोडीन धुपून समुद्रास जाते. अशा मातीतील धान्यात आयोडीन नसते, आणि तिबेटच्या मिठातही ते पुरेसे नव्हते. याचा परिणाम म्हणजे गलगंड. १९६० नंतरच्या दशकातील पाहणीत नेपाळमधील निम्म्याहून अधिक लोकांच्या गळ्यास हा विकार आढळला होता. गळ्यावरील गाठ ही त्याची दिसणारी खूण. न दिसणारी हानी अधिक दारुण असते. गर्भवतीस आयोडीन अपुरे पडले तर मूल मंदबुद्धी वा मुके-बहिरे जन्मू शकते. वर्गात न उमगणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने आठवावी अशी ही गोष्ट आहे. १९७३ पासून भारताच्या मदतीने नेपाळात आयोडीनयुक्त मीठ वाटण्याचे काम सुरू झाले आणि आज तेथील बहुसंख्य घरांत तेच मीठ आहे. साध्या समुद्री मिठातही आयोडीन पुरेसे उरत नाही, म्हणून ते मुद्दाम मिसळावे लागते. आपल्या घरच्या मिठाच्या पिशवीवरील ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द मुलांस वाचावयास सांगावा. तो शब्द तेथे का आहे हे नेपाळच्या डोंगरावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडून दिसेल.

आता व्यापाराचे. नेपाळचा परदेशी माल मुख्यतः कलकत्ता-हल्दिया बंदरात उतरतो आणि सुमारे सातशे किलोमीटर रेल्वेने वा ट्रकने रक्सौल-वीरगंजच्या नाक्यावर येतो. २०१६ पासून विशाखापट्टणमची वाटही खुली झाली. गंडकी आणि कोसी यांचे पाणी गंगेतून खाली जाते आणि त्याचा काही अंश फराक्क्याच्या कालव्याने हुगळीत, म्हणजे त्याच कलकत्ता बंदरात पोचतो. पाणी वाटेत कोणास विचारीत नाही; मालास मात्र करार, परवाना आणि शेजाऱ्याची अनुकूलता लागते. मार्च १९८९ मध्ये भारत व नेपाळ यांच्यातील व्यापार व वाहतुकीचे करार संपुष्टात आले तेव्हा पंधरांपैकी दोनच नाकी उघडी राहिली आणि रॉकेलसाठी काठमांडूत रांगा लागल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये नवे संविधान जाहीर झाल्यानंतर तराईतील आंदोलनाच्या काळात सीमेवरील वाहतूक सुमारे साडेचार महिने खोळंबली. नेपाळने त्याचा दोष भारतास दिला, भारताने तो नाकारला. दोष कोणाचाही असो. भूकंपाने घर पडलेल्या माणसास त्या हिवाळ्यात गॅस, औषध व इंधन यांची टंचाई सोसावी लागली. उत्तरेकडील तातोपानीची वाट त्याच भूकंपाने बंद पडली होती. ती २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. या कारणानेच आंतरराष्ट्रीय कायद्याने दखल घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रविषयक करारात भूवेष्टित देशांस समुद्रापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. परंतु त्याची अंमलबजावणी मधल्या देशाशी होणाऱ्या करारावर अवलंबून असते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की स्वित्झर्लंडही डोंगराळ व भूवेष्टित आहे, मग तो देश श्रीमंत कसा? प्रश्न योग्य आहे आणि त्यास टाळू नये. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ऱ्हाइन नदीतून समुद्रावरील माल थेट येतो. आल्प्स पर्वताखालून गोटहार्डचा रेल्वे-बोगदा १८८२ मध्येच खुला झाला. आणि चहूकडचे शेजारी संपन्न गिऱ्हाईक आहेत. नेपाळच्या नद्या उताराच्या जोरामुळे नौकांस अयोग्य. पण तोच उतार विजेस उपयुक्त आहे. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ आपली जादा वीज भारताच्या बाजारात विकू लागला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतातील तारांवरून ती प्रथमच बांगलादेशात पोचली. हिवाळ्यात नद्यांचे पाणी घटते तेव्हा नेपाळच भारताकडून वीज घेतो. उलट दिशेने, बिहारमधील मोतिहारीपासून नेपाळातील अमलेखगंजपर्यंत तेलाची नळवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली आहे. तात्पर्य, भूगोल अडचण दाखवितो. तीतून वाट काढणे न काढणे हे माणसांच्या आणि शेजाऱ्यांच्या हाती असते.

शेवटचा धागा माणसांचा. उताराच्या खाचरांत जेवढे पिकते तेवढ्यात वर्ष निघत नाही, म्हणून नेपाळी माणूस बाहेर पडतो. परदेशी गेलेल्यांनी घरी धाडलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या चौथाईच्या आसपास भरतो. १९५० च्या तहानुसार नेपाळी नागरिकास भारतात राहण्यास व काम करण्यास मोकळीक आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंब्याच्या बागांत राखणीस व मशागतीस नेपाळी कुटुंबे हंगामापुरती येऊन राहतात आणि त्यांची मुले जवळच्या जिल्हा परिषद शाळेत दाखल होतात, वा दाखल व्हावयास हवीत. त्यांच्यातील एखाद्याने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो आपल्या किनाऱ्यावर. असे मूल वर्गात असेल तर नेपाळच्या पाठाच्या दिवशी त्यास मागच्या बाकावर बसवू नये. त्याच्या गावास पोचण्यास मोटाररस्त्यापासून किती तास चढावे लागते, शेतात काय पिकते, घरी मीठ कोठून येते, हे त्यास विचारावे. मराठी अडखळली तरी चालेल. बोटाने नकाशावर दाखविले तरी चालेल. जे पुस्तकात नाही ते त्याच्याजवळ आहे आणि एरवी सर्व विषयांत मागे पडणाऱ्या त्या मुलास निदान एका तासापुरते इतरांस काही देता येईल.

असे मूल नसले तरी पाठाची सामग्री हाताशी आहेच : अंगणातील दोन मीटरांची रेघ, देवघरातील शाळिग्राम, स्वयंपाकघरातील मिठाची पिशवी आणि भिंतीवरचा नकाशा. एवढ्या चार वस्तूंवर दोन तासिका सहज जातील. परीक्षेत ‘भूवेष्टित देश म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर मुले तेव्हाही एकाच ओळीत लिहितील. पण ती ओळ लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे खिंड उतरणारा मेंढ्यांचा तांडा आणि नाक्यावर थांबलेली ट्रकांची रांग असेल. पाठ साधला की नाही हे शिक्षकास त्यावरून कळेल.